डोहाची राखण

ग्वारीघाट, जबलपूर
१२ मे १९३५

चि. बळीराम यास अक्काचे आशीर्वाद.

काल सकाळी तुझ्या हल्के मुकादमानं आमच्या डोहात सुरुंगाची कांडी टाकली. 'तुझ्या' म्हणते, कारण माणूस तुझा, खाण तुझी आणि कांडीही तुझ्या सिहोऱ्याच्या गोदामातली. तू दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस. नको बोलू. पण हे पत्र चुलीत घालायच्या आधी वाच तेवढं.

तुझ्या कानावर आलं असेल-नसेल. घाटाच्या वरच्या अंगाला नर्मदा खडकात वळते, तिथे उन्हाळ्यातही तिचा तळ दिसत नाही. त्या डोहावर आम्ही काही जण दर रविवारी बसतो. लोक म्हणतात, सत्यवतीबाईची मच्छीशाळा. म्हणोत बापडे. मुलींच्या शाळेतली मास्तरीण शकु आहे, कारखान्यातून पेन्शनीत निघालेला तुळशीराम आहे, आणि आपले भय्यासाहेब वकील आहेत, ज्यांना पाणकावळा कोणता आणि साधा कावळा कोणता हे अजून उमगत नाही. मी अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेली बाई, मी यांना काय शिकवणार? पण सारा जन्म या पाण्यापाशी भांडी घासली, त्यात जे दिसलं ते सांगते. माझी अट एकच. आल्या आल्या कशाचं नाव विचारायचं नाही. मासा दिसला तर तो काय करून राहिला ते आधी सांगा, कासव दिसलं तर कुठून आलं ते सांगा. नाव मागाहून. इथे शिकलेलं हे लोक आपापल्या मोहल्ल्यात नेतात, पोरांना दाखवतात, घाटावरच्या बायांना समजावतात की अंड्यांच्या दिवसांत इथे जाळं पडू देऊ नका.

आता चूक कुठे झाली ते सांगते. या डोहात बाडस आहेत, साहेबलोक ज्याला महासीर म्हणतात तो मासा. पाठीवर सोन्यासारखे खवले, जाडी माणसाच्या मांडीएवढी. शकुच्या पोरींना तो जवळून दिसावा म्हणून तुळशीरामनं खडकावर घंटा टांगली. घंटा वाजवायची आणि कणकेच्या गोळ्या टाकायच्या. होळीपर्यंत मासे इतके हुशार झाले की घंटेबरोबर सगळा डोह वर यायचा. पोरी टाळ्या पिटायच्या. हल्के एकदा उभा राहून बघत होता. म्हणाला, "वाह बाई, मछलियों को भी पढ़ा दिया!" आम्ही त्याच्याबरोबर हसलो. शकुनं त्याच्या हातावर चार गोळ्या ठेवल्या, "लो भैया, आप भी खिलाओ."

काल त्यानं घंटा वाजवली.

धमाका ऐकून आम्ही पोचलो तेव्हा पाणी अजून गढूळ होतं. मोठे बाडस पोट वर करून फिरत होते, एकेकाच्या तोंडातून आतडी बाहेर आलेली. काही जिवंत होते, गोल गोल पोहत होते, कारण त्यांचा एकाच बाजूचा पर हलत होता. बोटाएवढी पिल्लं तर साबणाच्या फेसासारखी काठाला लागली होती. एक कासव फुटून पडलं होतं, पाठ दुभंगलेली, आणि आत काळीज चाललेलं दिसत होतं. शकु तिथेच ओकली. हल्केची माणसं टोपल्या भरत होती. मी विचारलं तर म्हणाला, "ठेकेदार साहब जानते हैं." तो तुझं नाव घेत होता, बळ्या.

तुळशीरामनं घंटा उपटून नदीत फेकली. उशीर झाला होता.

तू एवढंच कर. गोदामाची किल्ली त्याच्याकडून काढून घे.

तुझा खांदा थंडीत दुखतो का? घोड्यावरून पडलास असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे. सांग, माझी ना नाही. पण शेक देत जा.

तुझी अक्का


ग्वारीघाट
१९ मे १९३५

चि. बळीराम यास आशीर्वाद.

उत्तर नाही. बरं.

आमच्यात या आठवड्यात फार भांडणं झाली. तुळशीराम म्हणतो लाठ्या आणू. भय्यासाहेब म्हणतात अर्ज करू. त्यांनी केलाही. अर्ज "योग्य त्या विभागाकडे" गेला, असा कागद आला आहे. शकु म्हणाली, "अक्का, तुम्ही आम्हाला बघायला शिकवलंत. बघत बसून काय होते?" मला लागलं ते. पण खोटं नव्हतं.

मग मी शिकवणं बदललं. आता आम्ही पहाटेपासून पाळीनं बसतो. खालच्या वळणावर अजून एक डोह आहे. वाचलेले बाडस तिकडे उतरले आहेत. कोण कुठल्या खडकामागे बसणार, लहान डोंगीच्या वल्ह्याचा आवाज आणि मगरीचा आवाज यांत फरक काय, लांबून कोळ्याचा हात कसा ओळखायचा आणि सुरुंगवाल्याचा कसा, हे सगळं मी त्यांना दाखवून राहिले. कोळी वाकून पाण्याकडे बघतो. सुरुंगवाला काठाकडे बघतो. भय्यासाहेबांना हे बरोबर जमलं. म्हणाले, "बाई, हे तर आमचं रोजचं काम. चोर साक्षीदाराकडे बघतो, साव मालाकडे." वकील शेवटी कामाला आला.

हल्केला हे कळलं. बुधवारी माझ्या दारावर पाणमांजर ठोकलेलं सापडलं, चारही पायांत खिळे, जिवंत असतानाच ठोकलेलं, कारण दाराला नखांचे ओरखडे आहेत. मी ते काढलं, नर्मदेला वाहिलं. शुक्रवारी तुळशीरामच्या नावेचा तळ कुऱ्हाडीनं फोडला. तो दिवसभर डांबर आणि सुतळी घेऊन बसला होता आणि तोंडानं असल्या शिव्या देत होता की शकुनं कानांवर हात ठेवून त्याला खिळे पुरवले.

माझ्या कपाळाला थोडं लागलं आहे. दगड होता, लहानच. तीन टाके पडले, पण ते कंपाउंडरला हौस म्हणून. तू घाबरू नको.

तरी सांगते, हल्के वाईट जातीचा माणूस नव्हे. साहेबांच्या बंगल्यांवर मासे पोचवायचं त्यानं कबूल केलं आहे, आणि तिथे नाही म्हटलेलं चालत नाही. कांडी हाती आली की माणूस जाळं शिवायचं विसरतो. किल्ली काढून घेतलीस तर तो आपोआप जाळ्याकडे जाईल. तू मालक आहेस. एका शब्दाचं काम आहे.

तुझी अक्का


ग्वारीघाट
२९ मे १९३५

बळीराम,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुला हल्केच्या घरून कळलंच असेल. काल उजाडताना तो आणि दुसरा एक माणूस डोंगीतून खालच्या डोहात उतरले. पाळी माझी आणि तुळशीरामची. आम्ही नाव आडवी घातली. मी म्हटलं, "हल्के, बेटा, बीड़ी बुझा दे. घर चल, मैं खिलाती हूँ."

तो हसला. "क्या खिलाओगी बाई? आटे की गोली?"

"जो मांगेगा."

"किनारे हो जाओ. बत्ती किसी को नहीं पहचानती, न माँ को, न मौसी को." आणि त्यानं विडीनं वात पेटवली. वात आखूड होती. त्यानं हात मागे घेतला, डोहाच्या मधोमध फेकायला. तिथे बाडस होते, मला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

मी वल्हं उचललं आणि त्याच्या हातावर मारलं. जीव खाऊन मारलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. त्याचा उजवा हात कोपराखाली लोंबायला लागला आणि कांडी त्याच्याच डोंगीत, जाळ्याच्या गुंताड्यात पडली. दुसऱ्या माणसानं उडी टाकली. हल्केनं टाकली नाही. तो डाव्या हातानं कांडी शोधत होता. मी ओरडले, "छोड़, कूद जा!" त्याला ती सापडली. फेकायला त्यानं हात उचलला.

पुढचं मी लिहिणार नाही म्हणत होते, पण लिहिते, तुला ठाऊक असायला पाहिजे. डोंगीचं टोक राहिलंच नाही. माझ्या अंगावर पाणी पडलं ते कोमट होतं. हल्के पाण्यात होता आणि डावा हात मनगटाशी संपला होता. तुळशीरामनं उडी घेतली, त्याला केसांना धरून काठाला आणलं, स्वतःचं धोतर फाडून हाताला करकचून बांधलं. हल्के ओरडत नव्हता. तुळशीरामच्या दंडाला दात रोवून होता. तुळशीरामनं चावू दिलं.

ठाण्यात सगळ्यांआधी मी बोलले. म्हटलं, साहेब, मी मारलं. ठाणेदारानं माझ्याकडे बघितलं, कपाळावरच्या पट्टीकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "अम्मा, घर जाओ. पूजा-पाठ करो." एवढ्यात तुळशीराम म्हणतो, "हुजूर, मैंने मारा. बाई तो चक्कर खाकर नाव में पड़ी थीं."

मी आयुष्यात कधी चक्कर येऊन पडले नाही!

मी ओरडले, खरं सांगितलं, वल्हं दाखवलं. शिपाई आपसांत हसत होते. हल्केचा जबाब दवाखान्यात घेतला तर त्यानंही तुळशीरामचंच नाव सांगितलं. म्हाताऱ्या बाईच्या हातून हाड मोडलं हे कोणता पुरुष सांगेल? ते तुझ्याइतकं कोणाला कळणार.

सुरुंगानं मासे मारले तर थोडा दंड. माणसाचं हाड मोडलं, हात गेला, तर कैद, आणि तीही सक्तमजुरीची. तुळशीराम आत आहे. त्याचा एक कान त्या धमाक्यानं गेला आहे. शिपाई विचारतात ते त्याला ऐकू येत नाही, आणि तो उत्तर देत नाही म्हणून मारतात.

अक्का


ग्वारीघाट
९ जून १९३५

बळीराम,

हे पत्र शकु स्वतः सिहोऱ्याला आणून तुझ्या हातात देईल. टपालाच्या भरवशावर मी राहत नाही. तिच्यासमोर वाच. तुझा चेहरा कसा झाला ते ती मला सांगेल, बघायला शिकवलं आहे मी तिला.

तुळशीरामला काल भेटले. पुढचा एक दात नाही. पाठीवर वळ आहेत, त्यांवर माशा. मी म्हटलं, काहून असं करतो? खरं सांग आणि सूट. तर म्हणतो, "बाई, आप जेल जाओगी तो पढ़ाएगा कौन? मुझे तो सिखाना आता नहीं." मी म्हटलं तू मूर्ख आहेस. त्याला ते ऐकू आलं नाही. मी दुसऱ्या कानाशी जाऊन पुन्हा म्हटलं.

हल्केकडेही जाते. पहिल्या दिवशी त्यानं कोपरानं ताट उडवलं, डाळ माझ्या अंगावर. दुसऱ्या दिवशीही. काल म्हणाला, "बाई, रोटी कैसे तोडूँ?" उजवा हात फळीला बांधलेला, डावा नाही. मी तोडून भरवली. तो खाताना रडत होता आणि मला शिव्या देत होता, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, दे, पण चावून खा. त्याला म्हटलं, कोर्टात खरं सांगशील का? तोंड भिंतीकडे फिरवलं.

भय्यासाहेब म्हणतात, कोर्ट माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. साठीच्या पुढची विधवा, वजनानं धान्याच्या पोत्याहून हलकी. मी आपल्या माणसाला वाचवायला खोटं बोलते असं सरकारी वकील म्हणेल. माझ्या हातात तेवढा जोर आहे हे जाणणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो घोड्यावरून पडलो म्हणतो.

बळ्या, तो दिवस मी कोणाला सांगितला नाही. तू पाहुणे घेऊन घाटावर आला होतास. त्यांना मजा दाखवायची म्हणून पहिली कांडी टाकलीस. मी बस म्हटलं. तू हसलास, "अक्का, मच्छी ही तो है." दुसरी पेटवलीस. पाहुणे पाठमोरे मासे वेचत होते, माझ्या हातात वल्हं होतं. तुझ्या गळ्याखालचं हाड मोडलं आणि कांडी पाण्यात पडताना तिची वात निसटून विझली. वात विझली म्हणून आज तुला दोन्ही हात आहेत. हल्केची डोंगीत पडली. माझं मारणं दोन्ही वेळा तेच होतं.

तू ये. कोर्टात सांग की माझी बहीण हाड मोडू शकते, माझं मोडलं आहे. मला कळतं तुला हे केवढ्याला पडेल ते. लोक हसतील. आणि उभा राहिलास की पुढचा प्रश्न येणारच, कांडी कोणाच्या गोदामातली. तुझा परवाना जाईल, खाण बसेल. मी हे लपवून तुला बोलावत नाही.

पण तुळशीराम आत मरेल. त्याच्यात जेवढा जीव उरला आहे तो मी बघून राहिले आहे, आणि मला बघता येतं.

सोमवारी तारीख आहे.

अक्का


जेल, जबलपूर
११ ऑगस्ट १९३५

चि. बळीरामास अनेक आशीर्वाद. पुन्हा लिहिते, अनेक आशीर्वाद.

इथे महिन्यातून एक पत्र लिहायला मिळते, ते तुलाच लिहून राहिले. शकुनं तक्रार केली तर म्हणावं तू धाकटी आहेस, थांब.

तू कोर्टात पाठ करून उभा होतास म्हणून तुला दिसलं नाही ते सांगते. तू आत आलास तेव्हा भय्यासाहेबांच्या हातातली दौत पडली. तुळशीरामला नीट ऐकू येत नव्हतं. तो फक्त तुझ्याकडे, माझ्याकडे बघत होता. सरकारी वकिलानं म्हटलं, "बुढ़िया ने हड्डी तोड़ी? बुढ़िया है या हथिनी?" सगळे हसले. तू कोटाची बटणं काढायला लागलास, मग सदऱ्याची. मला वाटलं, माझ्या भावाला वेड लागलं. तू गळ्यापाशी बोट ठेवलंस, ते वर आलेलं हाड दाखवलंस आणि म्हणालास, "सरकार, ये घोड़े की लात नहीं है. ये मेरी बहन है."

पुन्हा सगळे हसले. मॅजिस्ट्रेटसाहेब हसले नाहीत. त्यांनी तुला जवळ बोलावलं, हाड दाबून बघितलं, आणि मग माझ्या हातांकडे बघितलं. असं कोणी बघितलं नव्हतं माझ्याकडे. कांडी कोणाची विचारल्यावर तू थांबला नाहीस. "मेरे गोदाम की. चाबी मैंने दी थी." त्यानंतर हल्केनं, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, मागून म्हटलं, "हाँ हुजूर. बाई ने ही मारा."

तुळशीराम त्याच संध्याकाळी सुटला हे तू बघितलंस. मला सहा महिने, साधी कैद, वयाकडे बघून. भय्यासाहेब अपील करतो म्हणाले. मी नको म्हटलं. हात गेला आहे त्याचा. काही तरी माझंही जायला पाहिजे.

परवाना गेला हे कळलं. हल्केच्या भावांनी तुला जबलपूरच्या रस्त्यावर गाठून मारलं, हेही. बरगड्या दोन की तीन? शकु दोन म्हणते, तुळशीराम तीन म्हणतो, पण त्याला आजकाल सगळं अर्धवट ऐकू येतं. त्या भावांनी तुला कोणाच्या सांगण्यावरून सोडलं, तेही कळलं मला. हल्के आपला थोटा हात घेऊन मधे पडला. हे ऐकून मी इथल्या बायांसमोर रडले, त्यांना वाटलं घरी कोणी वारलं.

तर तू ग्वारीघाटला माझ्या घरी उतरला आहेस. उत्तम. शकु लिहिते की तू परवा डोहावर गेलास, थोडा वेळ बसलास, चिडलास आणि उठून आलास. म्हणालास, इथे बघायला आहे काय?

आहे. ऐक. सध्या पूर आहे, बाडस वर गेले आहेत, अंडी घालायला, दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात. त्यांच्या मागे जाऊ नको. तू तिथेच बस. पाणी चढलेलं असताना खडकाच्या आडोशाला जे शांत पाणी राहतं, त्यात बघ. सुरुवातीला तुला फक्त पाणी दिसेल. चिडशील. उठायचं नाही. विडी नको. कशाचं नाव विचारू नको, शकुला तर मुळीच नको, ती लगेच सांगते. काय होऊन राहिलं तेवढं बघ आणि संध्याकाळी तुळशीरामला सांग, त्याच्या चांगल्या कानाशी. चुकलं तर तो हसेल. हसू दे. दिवाळीनंतर पाणी उतरेल, मासे डोहात परततील, आणि शकुच्या शाळेच्या पोरी येतील. तोवर तुला त्यांना दाखवण्याजोगं काही सापडलेलं असेल. हल्केलाही बोलाव. नाही येणार. तरी बोलाव, आणि पुन्हा बोलाव.

आता राहिली एक गोष्ट. उन्हाळ्यात कोणी तरी कांडी घेऊन येईल. दुसरं गोदाम आहे, दुसरा मुकादम आहे. तेव्हा मी असेन, कदाचित नसेन. त्या वेळी काय करायचं, हे मी तुमच्यापैकी कोणालाच शिकवलेलं नाही, कारण मला येत नाही. मला जे आलं ते मी दोनदा केलं. तू तसं करू नको. दुसरं काही शोध. वात पेटायच्या आधीचं काही असेल ते. तुला सुरुंगाची माणसं माहीत आहेत, ती काय करून राहतात, कशाला भितात, कशाला थांबतात, ते तू माझ्याहून जास्त बघितलं आहेस.

सापडलं की मला शिकव. मी खडकावर तुझ्याजवळ बसेन आणि नाव विचारणार नाही.

तुझी अक्का